भुतांना पुढचं दार

इंदापूरच्या घरात राहायला गेलो त्या दिवशी आईचा पाय दहीभातात पडला. भात दोन दिवसांचा असावा. त्यावर गुलाल टाकलेला, मधोमध टाचण्या टोचलेलं लिंबू, आणि कडेने मुंग्यांची रांग. आईने पाय तसाच वर उचलून धरला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिला तेव्हा पाचवा महिना होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीतून ट्रंका उतरवून घेत होते. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "कोणीतरी सांडलेलं दिसतंय."

ते सांडलेलं नव्हतं, नीट मांडलेलं होतं. शेजारी एक फुटका नारळ होता, त्याच्यापलीकडे अंडं, त्याच्यापलीकडे काळ्या चिंधीची बाहुली. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत अशी दहा-बारा ठिकाणं मी मोजली आणि मग नाकाला पदर लावून आत गेले.

अण्णा कॅनॉल खात्यात ओव्हरसियर होते. बारामतीहून त्यांची इंदापूरला बदली झाली आणि खात्याने हे गावाबाहेरचं घर दिलं. पाच वर्षांपूर्वी त्या घरात एक कारकून तापाने गेला होता. त्यानंतर तिथे कोणी बिऱ्हाड केलं नाही, खात्याची फिरतीवरची माणसं तेवढी रात्रीपुरती उतरत, आणि तेवढ्यावर गावाने त्याचं भूत केलं. ते खोकतं, असं म्हणत. गावात कोणाला ताप आला, मूल रात्री दचकून रडलं, म्हैस आटली, की आजाऱ्यावरून भात-नारळ ओवाळायचा आणि तिन्हीसांजेला आणून आमच्या दारात ठेवायचा. याला उतारा म्हणतात. ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही आणि पुन्हा त्या जागी पाऊल टाकायचं नाही, म्हणजे पीडा तिथेच राहते. गावाच्या पाच वर्षांच्या पीडा आमच्या उंबऱ्याशी कुजत पडल्या होत्या.

मी पुण्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत होते, शाळेच्याच वसतिगृहात राहत होते. ती मॅट्रिकच्या आधीची सुट्टी होती. आईची आधीची दोन बाळंतपणं वाईट गेली होती आणि डॉक्टरांनी तिला पाणी उचलायला, वाकायला बंदी केली होती. तेव्हा घरात कामाला बाई हवीच होती. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी मला बोलावून सांगितलं, आवाज न चढवता, कॅनॉलच्या पाण्याची पाळी सांगावी तसं. "बाई मिळाली तर तू जूनमध्ये जा. नाही मिळाली तर हे वर्ष तुला घरी थांबावं लागेल. पुढचं पुढे बघू."

पुढच्या वर्षी मूल असणार होतं. पुढचं कोणी बघणार नाही हे मला कळत होतं. मी "बरं" म्हटलं आणि पाण्याची कळशी उचलली.

बाया येत आणि फाटकावरून परत जात. एक जण म्हणाली, दारातलं ते सगळं निघालं तर बघते. खात्याच्या शिपायाला अण्णांनी ते काढायला सांगितलं. तो म्हणाला, "सायेब, नोकरी घ्या काढून. पर ह्येला हात लावाया सांगू नका." मग एके सकाळी मीच डोक्याला फडकं बांधलं आणि कोळशाचं फावडं घेऊन बसले.

वरून कोरडा दिसणारा भात खाली हिरवट, चिकट झाला होता आणि फावड्याला तार धरून वर येत होता. नारळाच्या करवंटीत पाणी साचून त्यात अळ्या वळवळत होत्या. एक अंडं फावडं लागून फुटलं. त्याचा वास असा आला की मी तिथेच कडेला ओकले आणि मग माझं स्वतःचंही भरावं लागलं. एका टोपलीत कोंबडीचं पिल्लू होतं, पाय बांधलेलं, कधीचंच मेलेलं. मी डोळे मिटून सगळं अंगणाच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात लोटलं. लिंबं मात्र घरंगळत मागे येत राहिली.

फाटकाबाहेर बाया उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता यांची खात्री पटेल. संध्याकाळी शिपायाने बातमी आणली. गावात बोलत होते की सायबाची इंग्रजी शिकलेली पोरगी उतारे गोळा करते, करणी करायला घेऊन बसते. बघते म्हणालेली ती बाई आता आमच्या रस्त्यानेही येईना. आणि शनिवारी उंबऱ्याशी ताजा दहीभात होता. जागा स्वच्छ झाल्यामुळे तो अगदी मधोमध ठेवला होता.

आठवड्याने बारामतीहून काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांना कशाचंच काही वाटत नसे. दारातलं सगळं बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे रोजचाच नैवेद्य की. स्वयंपाक कशाला करता?" आई हसली नाही. मग तिला चार दिवस बदल म्हणून ते आम्हां दोघींना सर्व्हिस मोटारीने बारामतीला घेऊन गेले.

बारामतीत बाजाराच्या मैदानावर फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. मोठ्या गावांत बोलपट आले होते, पण आमच्याकडे तंबूत अजून मुकेच खेळ लागत. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत आणि तंबूचा एक माणूस ओरडून अर्थ सांगे. गुरुवारी बाजाराच्या दिवशी काकांनी आम्हाला संध्याकाळच्या पहिल्या खेळाला नेलं. बायकांच्या बाजूला कनात लावलेली होती, जमिनीवर बसायचं होतं. तेलाच्या इंजिनाचा धूर, चुरमुरे, पोरांचा मूत आणि घाम यांचा मिळून एक वास होता. कोणीतरी माझ्या पायाशी उसाचा चोथा थुंकत होतं. त्या दिवशी ओरडणाऱ्या माणसाचा घसा बसला होता. काकांनी कनातीवरून सांगितलं, "आमची पुतणी इंग्रजी शाळेत आहे, ती सांगेल." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी ओरडणार नव्हते. पण शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं. "माझ्या एकटीच्या कानात सांग, ताई. बाकीच्यांना मी सांगती."

ती पन्नाशीची, उंच, रापलेली, हातात चांदीची जाड कडी घातलेली बाई होती. तिच्या अंगाला मेंढरांच्या लोकरीचा वास येत होता. पुढे कळलं की तिचं माहेर-सासर दोन्ही अंथुर्ण्याचं. पूर्वी घरात मेंढरं होती, आता थोडी शेती. नवरा गेल्यावर ती इंदापूरला लेकीकडे राहत होती; त्याआधीचा महिनाभर मात्र ती शेतीच्या कामाला अंथुर्ण्यालाच होती.

मुख्य खेळाआधी एक लहानसा खेळ होता, हलणाऱ्या चित्रांचा. माणसं नव्हतीच, सगळं हाताने काढलेलं. एक कुत्र्यांचं कुटुंब, टोपीवाला बाप, झगा घातलेली आई, बाबागाडीत पिल्लू, स्वस्तात मिळालं म्हणून भुतांच्या घरात राहायला येतं. घर श्वास घेतल्यासारखं फुगायचं आणि बसायचं. जिना जिभेसारखा बाहेर यायचा. एका सांगाड्याने स्वतःचा डोळा काढून सूपमध्ये बुडवला, चोखला आणि परत बसवला. तंबूत हशा पिकला. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दारातलं फुटलेलं अंडं होतं.

"काय लिवलंय?" बाईने विचारलं.

"भूत म्हणतंय, माझ्या घरातून चालते व्हा."

तिने मागे वळून ते मोठ्याने सांगितलं आणि आपल्या पदरचं जोडलं, "न्हायतर डोळा खाईन." मी असं काही म्हटलं नव्हतं.

मग गोष्ट उलटली. पिल्लाला सांगाडा दिसला. भीती कसली, त्याला सगळं घर हाडकांनी भरलेलं दिसत होतं. त्याने सांगाड्याची तंगडी धरली आणि चघळायला सुरुवात केली. तो लंगडत पळाला, पिल्लू मागे, बाप मागे, आई मागे. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मी मात्र त्या ओल्या हाडकाकडे बघू शकत नव्हते. चित्रकाराने लाळसुद्धा थेंब थेंब काढली होती. शेवटी सगळी भुतं रांगेत बसून भांडी घासत होती आणि कुत्री आई खुर्चीत बसून वारा घेत होती.

"भुतंच भांडी घासत्यात व्हय?" ती बाई डोळे पुसत म्हणाली. "आमच्या हितल्या भुतांना तेवढी अक्कल न्हाय."

"वहिनी," कनातीपलीकडून काका म्हणाले, "ऐकलंत? बाई कशाला शोधता? घरातल्यालाच लावा कामाला."

आईने ते ऐकलं न ऐकलं केलं. ती त्या बाईच्या हातांकडे बघत होती. पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत तिने विचारलं, "मावशी, इंदापुरात कामाला याल का? पाणी, धुणंभांडी. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी."

"येईन की. लेकीच्या दारात किती दिवस बसू? घर कुठं म्हणायचं?"

"कॅनॉलचे साहेब म्हटलं की कोणीही दाखवील," आई म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. बाईने माझ्याकडे पाहिलं, मी काही जोडेन म्हणून. मी पडद्याकडे बघत राहिले. मला पुण्याला जायचं होतं.

सोमवारी सकाळी ती बोचकं घेऊन आली. मी पायरीवर उभी होते. फाटकापाशी ती थबकली, वर छपराकडे पाहिलं, खाली उंबऱ्याकडे पाहिलं, आणि बोचकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसली.

"ताई, ह्येच घर व्हय?"

"हो."

"त्या दिशी का न्हाय सांगितलंस?"

तिला उत्तर नको होतंच. म्हणाली, "माझाच हाय हितं उतारा. लेकीचं पोर दूध टाकीत व्हतं. मीच आणून ठिवला, त्या डाव्या अंगाला. तिसऱ्या दिशी पोर प्यालं. आता मीच ह्या उंबऱ्यावरनं ये-जा कराया लागली तर ते उठून माझ्या पाठनं घरला येईल की."

आई आतून बाहेर आली होती. "अहो, पण तो काढून टाकलाय. हिनेच काढला फावड्याने."

"काढला तरी जागा तीच की, बाईसाहेब."

मला त्या क्षणी तिचा, तिच्या त्या नातवाचा आणि त्याच्या दुधाचा इतका संताप आला की मी आत निघून गेले. खिडकीतून ऐकत होते. अण्णा आंघोळ करून आले आणि त्यांनी समजूत घालायला सुरुवात केली. भूत नसतं, ताप डासांनी येतो, कारकुनाला औषध वेळेवर मिळालं नव्हतं. बाई सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणत होती आणि जागची हलत नव्हती. शेवटी अण्णा म्हणाले, "मग तुमचं नक्की कशावर अडलंय? घरावर?"

"घरावर माझा काय राग न्हाय, सायेब. भुतावर बी न्हाय. उंबरा नको."

"उंबरा नको. मागून आलात तर?"

"मागच्या दाराला कुणी काय ठिवलंय का?"

"तिथे कोण ठेवणार?" आई म्हणाली.

खरंच, तिथे कोणी ठेवलं नसतं. मागचं दार संडासाच्या बोळात उघडत होतं. टोपलीचा संडास होता, आणि ती टोपली न्यायला रोज सकाळी एक बाई त्या बोळातून येत असे. बोळ जेमतेम दोन हात रुंद. खाली कायमचा चिखल, आणि तो कशाचा ते विचारायची सोय नव्हती. भिंतीला चुन्यावर पिवळे ओघळ. माश्या इतक्या की हात हलवला की गुणगुण वाढायची. डुकरं येऊन नाकाने टोपलीचं झाकण उचलत.

अंथुर्ण्याची बाई बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "चालतंय." मग तिने अट घातली. नुसतं तिने मागून येऊन भागणार नव्हतं. घरातल्यांनी पुढून पाय आत आणले तर त्या पायांबरोबर ते आत येणार आणि ती सारवेल त्याच जमिनीवर फिरणार. तेव्हा सगळ्यांनीच मागून यायचं आणि पुढचं दार बंद करायचं.

मी आईकडे पाहिलं. आई सोवळं पाळणारी. पाण्याच्या हंड्यावर माझी सावली पडली तरी पुन्हा भरायला लावणारी. बारामतीहून आणलेली सहाण रोज मांडून गंध उगाळणारी. मला वाटलं, ती नाही म्हणेल, आणि मला तेच हवं होतं की नको होतं हे मला सांगता येणार नाही.

आई म्हणाली, "बाळंत होईपर्यंत चालेल."

दुपारी शिपायाने पुढच्या दाराला आडवी फळी ठोकली. त्या कामाला तो आनंदाने तयार झाला.

तेव्हापासून आम्ही सगळे संडासाच्या बोळातून ये-जा करू लागलो. अण्णा इस्त्रीचा कोट घालून, एका हाताने धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हाताने नाक धरून कचेरीला निघत. भाजी, दूध, देवाची फुलं, सगळं तिथूनच येई. आईने दाराशी गोमूत्राचा तांब्या ठेवला होता आणि येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती शिंपडत असे. वास तेवढ्याने जात नव्हता, त्यात आणखी एक मिसळत होता. एकदा वरकुट्याचे एक बागायतदार पाण्याच्या पाळीसाठी वांग्यांची पाटी घेऊन आले. आत आले तेव्हा त्यांचं तोंड उपरण्यात होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बसल्यावर त्यांनी उपरणं काढलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "रावसाहेब, घर झकास हाय. हवेशीर हाय." ती वांगी मी खाल्ली नाहीत.

पुढच्या दारात आता कोणी नसतं हे गावाला कळलं, तसे उतारे वाढले. सकाळी खिडकीच्या फटीतून मला दिसत. आमच्या घराची चांगली, सारवलेली, तुळशीसमोरची बाजू त्या कारकुनाच्या भुताला मिळाली होती. काका येऊन गेले, त्यांना बोळातून आत यावं लागलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही.

बाई मात्र कामाला चोख होती. भल्या पहाटे पाणी भरे, आईचे पाय चेपून देई, भांडी अशी घासे की त्यात तोंड दिसे. मध्येच मला म्हणे, "ताई, त्या कुत्र्याच्या पिल्लाचं पुन्यांदा सांग." मी सांगत असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी माझ्या शाळेची फी मनिऑर्डरने पाठवली.

निघायच्या दिवशी बाईने माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि आम्ही बोळात उतरलो. मागे दारात आई तांब्या घेऊन उभी होती. अण्णा आधीच सर्व्हिस मोटार थांबवायला रस्त्यावर गेले होते. अर्ध्या वाटेत समोरून टोपली न्यायला येणारी बाई आली. तिचं वय आईहून जास्त असेल, पण तिला आम्ही तूच म्हणायचो, आणि खरं तर काहीच म्हणायचो नाही. बोळात दोघींना जागा नव्हती.

"सर की मागं," अंथुर्ण्याची बाई म्हणाली. "ट्रंकेला लागंल."

ती भिंतीला चिकटली. तिच्या लुगड्याला भिंतीवरचं सगळं लागलं. "सरती," ती म्हणाली. "पर हा माझा रस्ता हाय. तुमीच कशापायी ह्यातनं जाताय ते मला म्हयन्याभरात कळंना झालंय."

"पुढल्या दाराला भूत हाय, ठावं न्हाय व्हय तुला?"

"मी रोज येती," ती म्हणाली. "तुमी यायच्या आधीबी, कॅनॉलची माणसं उतरायची तवाबी येत व्हते. मला कुठं काय दिसलं न्हाय."

मी तिच्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. तीन-चार आठवडे आम्ही असं माणूस शोधत होतो जे या घरात पाऊल टाकायला भिणार नाही. ते रोज सकाळी आमच्या घरी येत होतं. आईला सुचलं नाही, अण्णांना नाही, गावाला नाही आणि मलाही नाही. दारातली ती घाण फावड्याने उपसताना, ओकतानासुद्धा नाही. तिच्या हातून पाणी भरून घ्यायचं, तिने सारवलेल्या जमिनीवर बसून जेवायचं, हे मनात यायला जी वाट असावी लागते ती आमच्यापैकी कोणाजवळ नव्हती. त्यापेक्षा आम्ही तिच्या टोपलीशेजारून देवाची फुलं आत नेली.

मागे आई म्हणाली, "अंग चोरून जा गं. मी इथून शिंपडते." गोमूत्राचे थेंब माझ्या पाठीवर पडले.

मला तिथे थांबून आईला हे सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर घरात काय झालं असतं हेही मला दिसत होतं. आई रडली असती, अंथुर्ण्याच्या बाईने ट्रंक खाली ठेवली असती, अण्णांना परत बोलावलं असतं. रस्त्यावरून मोटारीचा भोंगा वाजला. मी नाकाला रुमाल लावला, पाऊल उचलून चिखलातून पुढे टाकलं आणि त्या बाईच्या अंगाला अंग लागू न देता निघून गेले.